गुरूचे हजेरीपत्रक

कोल्हापुरात तालमीचा वस्ताद, तांबड्या-पांढऱ्याचा जाणकार आणि फुटबॉलचा पेठाभिमानी यांना जो सार्वत्रिक मान लाभतो, तो ज्याच्या वाट्याला कधीच येत नाही आणि तरीही चिवटपणात जो त्यांपैकी कोणालाच हार जात नाही, असा एक गृहस्थ प्रत्येक पेठेत निदान एक तरी असतो. त्याला लोक 'दुर्बीणवाले' म्हणतात. जयंत नारळीकरांचा जन्म 1938 साली याच शहरात झाला, ही गोष्ट तो अशा सुरात सांगतो, की उभयतांच्या घराण्यांत काही जुनी सोयरीक असावी असा ऐकणाऱ्याला संशय यावा.

आमच्या शिवाजी पेठेतले दुर्बीणवाले एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, असे कागदोपत्री नमूद आहे; प्रत्यक्षात त्यांनी कचेरी तेवढी गच्चीवर हलवली. काचेवर काच ठेवून, मध्ये कार्बोरंडमची पूड घालून, त्यांनी सहा इंची आरसा कित्येक महिने स्वहस्ते घासला. नळी प्लास्टिकच्या पाइपाची, बैठक प्लायवुडची, आणि या सर्व चीजवस्तूंवर लाल रंगात क्रमांक घातलेले. आरसा बाहेरच्या हवेइतका गार होईपर्यंत अर्धा तास कोणालाही डोळा लावू द्यायचा नाही, हा त्यांचा दंडक शास्त्राला धरून आहे. कचेरीत अर्जदारांना ते याच कारणास्तव बाकावर बसवून ठेवीत काय, हे आता विचारण्यात अर्थ नाही. गच्चीच्या ताब्याविषयी मात्र घरात तंटा आहे. सांडगे-पापडांची वहिवाट दुर्बिणीहून पुष्कळ जुनी, असा त्यांच्या पत्नीचा दावा असल्यामुळे, आणि तो कोणत्याही न्यायासनापुढे टिकण्याजोगा असल्यामुळे, साहेबांकडे दिवेलागणीनंतरचाच हक्क उरला आहे. "अहो, आधी ते वाळवण खाली आणा, मग तुमचा गुरू बघा," हा हुकूम रोज सुटतो आणि रोज निमूटपणे तामील होतो.

त्यानंतर हजेरी. गॅलिलिओने 1610 च्या जानेवारीत प्रथम टिपलेले गुरूचे चार चंद्र, म्हणजे आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो, यांच्या नावांचे चार रकाने वहीत आखलेले असून, जो गुरूच्या आड किंवा त्याच्या सावलीत असेल त्याच्यापुढे 'गैरहजर, सकारण' असा शेरा पडतो. आयो पावणेदोन दिवसांत फेरी पुरी करतो म्हणून त्याच्यावर विशेष मर्जी. कॅलिस्टोला जवळजवळ सतरा दिवस लागतात, तेव्हा त्याच्या रकान्यात 'दिरंगाई'. पॅरिसला काम करणाऱ्या ओले रोमर या डॅनिश ज्योतिर्विदाला असे आढळले, की पृथ्वी गुरूपासून दूर जाऊ लागली की आयोची ग्रहणे ठरल्या वेळेच्या मागे पडतात आणि जवळ येऊ लागली की पुढे सरकतात. 1676 साली त्याने असा निर्वाळा दिला, की यात आयोची कसूर नाही, प्रकाशालाच वाटेत वेळ लागतो. प्रकाशाचा वेग हाती लागण्याची ही सुरुवात. आमच्या साहेबांना या प्रकरणात भावते ते निराळेच: उशिरा येणाऱ्याचा खुलासा मंजूर झाल्याचा, त्यांच्या माहितीतला तेवढाच एक दाखला आहे.

पाहुण्यांना मात्र रकान्यांत बसवता येत नाही. "किती लांबचं दिसतंय?" हा पहिला प्रश्न. "साठ-पासष्ट कोटी किलोमीटर" या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही, "ते ऱ्हाऊ द्या, जोतिबा दिसतो काय?" असा उपप्रश्न येतो, आणि उजेड असला तर जोतिबाचा डोंगर दाखवावाच लागतो. या जातीच्या दुर्बिणीत तो खाली डोके वर पाय असा दिसत असल्यामुळे, एका आजीबाईंनी "देवाचा डोंगर पालथा घातलास व्हय रं बाबा!" म्हणून भिंगालाच हात जोडले होते. गुरूची तऱ्हा याहून कठीण. एकशेवीसपट मोठा केलेला ग्रह पृथ्वीच्या फिरण्यापायी दीड-दोन मिनिटांत दृष्टिक्षेत्रातून निसटतो, आणि त्यातले पहिले मिनिट पाहुणा भलताच डोळा मिटण्यात खर्च करतो. उरलेल्या वेळात त्याला दिसते ती हरभऱ्याएवढी पिवळसर चकती, तिच्यावर दोन करडे पट्टे, आणि बाजूला एका ओळीत चार ठिपके. पृथ्वीच्या अकरापट रुंदीचा तो गोल दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, हे साहेब मागे उभे राहून सांगत असतात, पण त्यांची नजर आकाशाकडे नसते, पाहणाऱ्याच्या तोंडाकडे असते. "एवढंच व्हय?" हे शब्द त्यांना कारणे दाखवा नोटिशीसारखे लागतात. त्याहून वाईट ती शेजारीण, जी शांतपणे म्हणाली, "काका, एवढं जवळून दिसतंयच, तर आमच्या पोरीचं गुरुबळ कधी हाय तेवढं बघा की."

पावसाळ्यात वहीत चार महिने एकच ओळ असते: 'आभाळ. कामकाज तहकूब.' 1994 च्या जुलैत शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे एकामागून एक गुरूवर आदळले तेव्हाही तीच ओळ. शेवटचा तुकडा पडला ती 22 जुलै, म्हणजे नेमकी गुरुपौर्णिमा होती, हा तपशील त्यांनी समासात नोंदवून खाली सही केली आहे.

त्यांच्या कारकिर्दीचा कळस 21 डिसेंबर 2020 रोजी झाला. गुरू आणि शनी एकमेकांच्या इतके निकट 1623 नंतर आले नव्हते. रंकाळ्याच्या बाजूला मावळतीकडे दोघेही एकाच वेळी भिंगात मावत होते, आणि शनीचे कडेही दिसत होते. रांग जिन्यापर्यंत गेली. मास्क लावलेला प्रत्येक इसम भिंगावर वाफ सोडी, साहेब ते पुसत, पुढचा पुन्हा वाफ सोडी, आणि केवळ धुके पाहून "झकास!" म्हणत खाली उतरे. एवढ्यात कोपऱ्यावरच्या पानवाल्याने रस्त्यावरून हाक दिली, "काका, उद्या हाय काय?" साहेबांनी कठड्यावरून वाकून बजावले, की उद्या ते दूर जाऊ लागतील आणि इतके जवळ पुन्हा थेट 2080 साली येतील.

"मग उद्याच येतो की," तो म्हणाला. "एका दिवसात असं किती लांब जात्यात?"

साहेबांनी मनाशी हिशेब केला. पानवाल्याचे म्हणणे गणिताला धरून होते, आणि तेच त्यांना अधिक झोंबले.