उन्हाळी लेखक

होळी झाली की आमच्या नागपुरात दोन गोष्टी बाहेर निघतात. एक कूलर आणि दुसरी वरच्या मजल्यावरच्या सरांची कादंबरी. कूलर निदान चालू तरी होतो.

सर शाळेत मराठी शिकवतात. विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या शेवटाकडे उघडतात. पुण्या-मुंबईची पोरं दप्तरं घेऊन निघाली तरी आमचे सर मोकळेच. "एवढी सुट्टी महाराष्ट्रात कोणाला आहे, सांग बरं! आता नाही लिहिलं तर केव्हा लिहीन?" असं ते दरवर्षी विचारतात. उत्तर गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण शेजारधर्म म्हणून कोणी देत नाही.

उन्हाळी लेखकाची सगळी ताकद तयारीत जाते. सर बर्डीवर जाऊन आखीव वह्या आणतात, निळी पेनं आणतात आणि एक काळं. काळं खलनायकाच्या संवादांसाठी. मग वेळापत्रक. ते पट्टीनं आखलेलं, लाल शाईनं चौकट केलेलं असतं आणि त्यात पहाटे साडेपाच ते आठ 'लेखन' एवढंच लिहून भागत नाही. मध्ये दहा मिनिटांची 'लघु सुट्टी'सुद्धा असते. सवय कुठे जाते?

आता नागपुरातली मे महिन्याची पहाट म्हणजे काय, हे बाहेरगावच्या वाचकाला सांगायला हवं. दिवसा पारा पंचेचाळिसाला टेकलेला, रात्री अकराला गच्चीवर पाणी मारावं तर फरशी वाफा सोडते. माणूस तळमळत पडतो. डोळा लागतो तो तीन-साडेतीनला, आणि गार झुळूक सुटते नेमकी पाचला. त्या झुळुकीत उठून लिहायला बसणं हा सरांना कृतघ्नपणा वाटतो, आणि मलाही ते पटतं.

आठला ऊन अंगावर आलं की सर उठतात. तोवर नळ गेलेला असतो आणि वहिनींची कुरडयांची खाट गच्चीवर आलेली असते. "अहो, इथंच बसा न लिहीत. कावळे तरी येणार नाहीत." सर बसतात. कावळे येत नाहीत हे खरं. पण वाटीभर गव्हाचा चीक तूप-साखर घालून पुढे येतो, आणि चीक खाल्ल्यावर ज्याला साहित्य सुचतं असा माणूस अजून जन्मायचा आहे.

खरा सामना दुपारचा. सर कूलरसमोर टेबल मांडतात. दाराशी उभं राहून मी हा प्रकार नीट पाहिलेला आहे. कूलरची ओली हवा लागून कागद पोळीगत मऊ पडतो. टाक टेकवावा तर शाई फुटते. 'तो' लिहिलं की मात्रा जाड होत होत शेजारच्या शब्दावर रेलते. म्हणून कूलर बंद करून पंखा लावला की वही फडफडते. वहीवर अडकित्ता ठेवतात, तर तेवढ्यात मनगटाचा घाम ओघळून नायिकेच्या नावावर पडतो. मग पुन्हा कूलर. मग टाकीत पाणी आहे का ते पाहणं. मग पाणी आणणं. वहीच्या पहिल्या पानावर पन्ह्याच्या पेल्याचं गोल वळं आहे आणि त्याच्या वर कादंबरीचं पहिलं वाक्य: 'ऊन मी म्हणत होतं.' कित्येक उन्हाळे हे वाक्य तसंच आहे. दर उन्हाळ्यात खरं ठरत असल्यामुळे ते बदलायची वेळच आली नाही.

दुसरं वाक्य नाही म्हणून सरांचं बोलणं मात्र अडत नाही. "साने गुरुजींनी 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहिली, नाशिकच्या तुरुंगात! १९३३ साली!"

"त्यांना तिथं लग्नपत्रिका येत नव्हत्या," वहिनी आतून म्हणतात. मे महिन्यात सरांकडे पत्रिकांची चळत असते आणि प्रत्येक लग्नात त्यांना मंगलाष्टक म्हणायचा आग्रह होतो. शिवाय गुरुजींनी लिहिलं तो फेब्रुवारी होता, हे मी मनात म्हणतो.

सरांचा दुसरा आदर्श अँथनी ट्रॉलप. हा इंग्रज कादंबरीकार पहाटे साडेपाचला टेबलाशी बसे, घड्याळ समोर ठेवी आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द लिही. सरांनीही घड्याळ ठेवून पाहिलं. पाव तास कसा जातो ते त्यांना फार जवळून बघायला मिळालं. ट्रॉलपनं पुष्कळ कादंबऱ्या टपालखात्यातली नोकरी सांभाळून लिहिल्या, हे मात्र सर घाईत सांगून टाकतात. म्हणजे त्यांच्या दोन दैवतांपैकी एक कैदी आणि एक नोकरदार. सुट्टीवर कोणीच नव्हतं!

नवतपा सरतो, मृग येतो, हवेत दमटपणा भरला की कूलर गार वारा द्यायचा थांबतो. सरांना मग 'पहिल्या पावसाचं वातावरण' हवं असतं. पाऊस येतो. त्या दिवशी भजी असतात.

आणि शाळा उघडते.

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र मे महिन्यातच आलेलं असतं, जुलैअखेर कथा पाठवा म्हणून. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी लेखकाच्या मागे हे लागलंच आहे. पत्र कूलरच्या स्टँडखाली पाचर म्हणून बसवलेलं असतं. ते सापडतं कूलर झाकताना. मग सर लिहायला लागतात ते ऑफ तासाला, स्टाफरूमच्या कोपऱ्यात, रजेच्या अर्जाच्या पाठकोऱ्या बाजूवर. शिपाई सूचना-वही घेऊन उभा, मुख्याध्यापकांना पोषण आहाराचे आकडे आत्ताच्या आत्ता हवेत, सातवी 'ब' मध्ये कोणीतरी कोणाच्या डोक्यात डबा घातलेला. आणि सर सही करतात, आकडे देतात, दोघांना कान धरून उभं करतात आणि त्याच हातानं पुढचं वाक्य लिहितात. कथा वेळेत जाते. छापून येते. चांगली असते, हे शेजारी म्हणून नाही, वाचक म्हणून सांगतो. तिच्यात ऊन कुठेच नसतं.

तेव्हा सर्व संपादकांना हात जोडून विनंती: आमच्या सरांना मे महिन्यात पत्र पाठवू नका. जुलैत पाठवा, शाळेच्या पत्त्यावर, चाचणी परीक्षेच्या आठवड्यात. आणि मुदत चार दिवसांच्या वर देऊ नका.