पिवळे पाय

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत मला सी ग्रेड मिळाली होती. त्या काळी घरात तिचं कोण कौतुक! ते धाकट्या बहिणीनं तीस वर्षं लक्षात ठेवलं आणि एका दिवाळीत वसूल केलं. ती जुन्नरजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. "दादा, सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मुलांकडून कागदाचा पक्षी करून घेशील ना?" यातलं प्रश्नचिन्ह नुसतं नावाला होतं.

निमित्त पक्षी सप्ताहाचं. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर सालिम अलींचा. मधले दिवस महाराष्ट्रात पक्ष्यांचे. मी आपला राज्यपक्षी निवडला, हरियाल. म्हटलं, पोरांच्या ज्ञानातही भर पडेल.

एके काळी याच जुन्नरचा हातकागद पेशव्यांच्या दप्तरापर्यंत जाई. आमच्या वाट्याला पिशवीभर जुन्या लग्नपत्रिका आल्या. कृती सोपी. पत्रिकेतून पक्षी कापायचा, पोटाला चीर द्यायची, पातळ कागदाच्या निऱ्या घालून चिरेतून ओवायच्या, की झाले पंख. 'निऱ्या' म्हणताच मुलींचे पंख तयार. मुलग्यांनी त्याच कागदाची विमानं केली. एकानं चीर पोटाऐवजी मानेला दिली. "सर, मेला," त्यानं शांतपणे कळवलं. एका पक्ष्याच्या पोटावर 'आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं!' असं आमंत्रण होतं, तर दुसरा 'कृपया अहेर आणू नये' म्हणत उडायच्या तयारीत होता. शिवाय फेव्हिकॉल तळहातावर वाळवून त्याची सालं काढण्याचा स्वतंत्र तास झालाच.

मी माझा नमुना उंचावला. "हा कोण?"

"पोपट!" "कोंबडी!"

"हरियाल!" मी विजयी स्वरात म्हणालो. "पाहिलाय कुणी?"

दोन वेण्यांची एक पोर उठली. "ही हरोळी. आमच्या उंबरावर येतात. पण सर, तिचे पाय पिवळे असतात."

माझ्या हरियालचे पाय पांढरेशुभ्र होते. पत्रिकेची मागची बाजू तशीच होती, त्याला मी काय करणार?

पक्षी दोरीला टांगताना मागून सूचना आली, "अजून वर बांधा सर. खाली बिबट्या नेतो." वर्गात कुणीही हसलं नाही. मी मुकाट्यानं खुर्चीवर चढलो.

नमुना टेबलावरच राहिला होता. मधल्या सुट्टीत खिचडी आली. जेवणं उरकून परतलो, तर त्याचे पाय पिवळेधमक! हळद चांगली मुरली होती. एका पंजाला मटकीचा दाणाही चिकटला होता. दोन वेण्यावालीचे हात पाठीमागे होते.

बहिणीनं पक्षी उचलून नीट पाहिला. "आता बी ग्रेड द्यायला हरकत नाही," ती म्हणाली.

कुणाला, ते मी विचारलं नाही.