गंजाला पाणी कुठंय?

पुंडलिकनगरच्या गल्ल्यांत गाड्या घराबाहेरच झोपतात. अंगावर कव्हर, पुढं लिंबू-मिरची. आता त्यांच्यासाठी एक नवा ताईत निघाला आहे. तळहातावर मावणारी डबी, दोन वायरी आणि एक मिणमिणता दिवा. बॅटरीला जोडली की म्हणे पत्र्याला गंज चढत नाही. मला त्या दिव्याचं फार कौतुक वाटतं. अपरात्री, बॉनेटखालच्या काळोखात, कुणी बघत नसतानाही तो इमानेइतबारे लुकलुकत राहतो. लिंबात निदान आम्ल तरी असतं. याच्याकडे नुसता आत्मविश्वास.

मूळ कल्पना मात्र भोंदूपणाची नव्हे. 1824 साली हम्फ्री डेव्हीनं इंग्रजी आरमाराच्या जहाजांच्या तळाशी ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे, लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तुकडे झिजले, तांबं शाबूत राहिलं. पंचाईत एवढीच, की झिजणाऱ्या तांब्याच्या विषानंच शिंपले आणि शेवाळ लांब राहत होतं. तांबं सुखात राहू लागलं, तसे हे भाडेकरू बिऱ्हाड घेऊन तळाशी आले आणि जहाजं मंदावली! पुढं विद्या सुधारली. आज जमिनीतल्या पोलादी नळांना आणि जहाजांना ती खरोखर वाचवते. पण ते नळ ओल्या मातीत असतात, जहाज समुद्रात. वीज त्या ओलीतून फिरून येते. आपली गाडी उभी हवेत. विजेनं फिरायचं कुठून? डबीला खरंच कामाला लावायचं, तर गाडी पैठणला नेऊन नाथसागरात गळ्यापर्यंत उभी करावी लागेल. अमेरिकेत 1990 च्या दशकात फेडरल ट्रेड कमिशननं ‘रस्ट इव्हेडर’ नावाच्या अशाच डबीच्या दाव्यांवर कारवाई केली होती.

आमच्या वडिलांचा गंजावरचा उपाय बिनविजेचा होता. पावसाळा सरला की ते स्कूटरची रबरी मॅट उचलत. खाली ओल धरून बसलेल्या पत्र्यावर तांबूस पोपडे आलेले असत, बोट लावलं की सुटणारे. ते पॉलिश पेपरनं घासायचे आणि जळक्या ऑइलात बुडवलेलं फडकं त्यावरून फिरवायचे. घासताना ते स्कूटरशी काहीतरी पुटपुटत. आई म्हणायची, एवढं माझ्याशी बोलला असतात तर! पुढं स्कूटर भंगारात गेली ती इंजिनापायी, पत्रा शेवटपर्यंत धड होता.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला मी या डबीबद्दल विचारलं. पाना न थांबवता तो म्हणाला, “सर, आपल्याकडं गंजायला पाणी कुठंय?” खरंच आहे. नळाच्या वाराची वाट बघणाऱ्या या गावात माणसं आभाळाकडं डोळे लावून बसतात. कोरड्या हवेत समाधानी अशी एकटी गाडीच. कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यात डबीचं पितळ पावसाळ्याभरात उघडं पडेल, पण इथं ती हमखास यशस्वी ठरणार. अवर्षणाचं श्रेय आयतं तिच्या पदरात.

तेव्हा ते पैसे राहू द्या. दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळायला बारीक भोकं असतात. ती आपल्या धुळीनं बुजतात, मग पाणी आत साचून पत्रा आतूनच सडतो. मृगाच्या आधी एक काडी घेऊन तेवढी मोकळी करा.