नारिंगी दिवा

नेटवर्कमधला ब्रिज ऐकून शिकतो. अकाउंट्सचा कॉम्प्युटर कुठल्या बाजूला आणि आवक-जावकवाल्या बाईंचा कुठल्या, हे त्याला कुणी सांगत नाही. तारेवरून जो निरोप येतो, त्यावर पाठवणाऱ्याचा मॅक अॅड्रेस असतोच. तो वाचून ब्रिज नोंद करतो, की हे गृहस्थ या दाराकडे राहतात. पुढे त्यांच्यासाठी काही आलं की नेमकं त्याच दारातून सोडायचं. नाव अनोळखी असलं, तर आलं ते दार सोडून बाकी सगळ्या दारांतून हाक मारायची. आणि 300 सेकंद कुणाचा आवाज आला नाही, तर त्याचं नाव खोडायचं. राग नाही, लोभ नाही. हिंगोलीच्या मोंढ्यात आडत्याशी झालेली ओळख तीन पिढ्या पुरते आणि धुऱ्यावरचं भांडण चार पिढ्या. अशा मुलखात पाच मिनिटांत विसरणारा कुणीतरी असावा, हे मला बरं वाटतं.

दोन दारांची ब्रिज नावाची पेटी आता कुणी विकत आणत नाही. भिंतीवर टांगलेला स्विच म्हणजे पुष्कळ दारांचा ब्रिजच. असे स्विच सांभाळणं हा माझा उद्योग. सांभाळणं म्हणजे काय, हे घरच्यांना अजून पटवता आलेलं नाही. कुठल्या पोर्टवरून, म्हणजे दारातून, निरोपांच्या किती फ्रेम गेल्या, त्यातल्या किती खराब निघाल्या, जाळ्याची रचना शेवटची कधी बदलली, हे बघत बसायचं. शेवटचा आकडा हलला नाही, तर दिवस चांगला गेला. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा व्हायची आहे. केंद्रानं एप्रिल 2023 मध्ये तिला मंजुरी दिली, खर्च 2,600 कोटी. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या हिश्श्याहूनही बारीक हालचाल टिपायची. म्हणजे तिथेही शिकलेली माणसं काही हलतंय का हे बघतच बसणार. हा शेजार मला मोठा आधार वाटतो. फरक इतकाच, की तिथे काही हललं तर पेढे वाटतील आणि इथे मला फोन येतात.

असाच एक फोन एका कार्यालयातून आला होता. साहेबांचा दौरा होता, म्हणून आवराआवर चाललेली. टेबलाखाली एका केबलचं टोक लोंबताना कुणाला तरी दिसलं आणि त्यानं ते मायेनं शेजारच्या रिकाम्या सॉकेटात बसवलं. केबलचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं. झालं, लूप तयार! इंटरनेटवरच्या पॅकेटला निदान आयुष्याची मर्यादा असते. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो आणि शून्य झालं की पॅकेट संपतं. इथरनेटच्या फ्रेमला असं मरण नाही. 'अमुक पत्ता कुणाचा हो?' अशी साधी हाक कुणीतरी मारली आणि ती गोल फिरू लागली, फिरताना सगळ्या दारांतून बाहेर पडू लागली. बघता बघता सगळे हिरवे दिवे एका तालात लुकलुकायला लागले. कर्मचारी म्हणाले, नेट गेलं. नेट कुठं जातंय, ते पोटभर भरलं होतं. कामकाज बंद पडलं. साहेबांनी मात्र टापटिपीचं कौतुक केलं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजून ओशाळायचं कारण नाही. नोव्हेंबर 2002 मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डिकॉनेस या नामांकित रुग्णालयाचं सगळं जाळं अशाच लूपच्या भानगडीत कोलमडलं. तपासण्यांच्या चिठ्ठ्या आणि निकाल काही दिवस कागदावर लिहून हातानं पोचवावे लागले. कागद आणि शिपाई यांच्या जोरावर अमेरिकाही चालते, हे ऐकून आमच्याकडच्या एका बड्या बाबूंना जो आनंद झाला, तो पगारवाढीनंही झाला नसता.

लूपवरचा इलाज त्याआधीच निघाला होता. 1985 च्या सुमारास डीईसी कंपनीत रेडिया पर्लमन यांना त्यांच्या साहेबांनी एका शुक्रवारी हे कोडं घातलं आणि ते सुटीवर गेले. बाईंना त्याच रात्री उत्तर सुचलं. सोमवार-मंगळवारात त्यांनी ते लिहून काढलं. साहेब अजून सुटीवरच, म्हणून उरलेल्या आठवड्यात त्यांनी त्याच विषयावर कविता केली. साहेब सुटीवर असताना काय काय होऊ शकतं, याचा इतका सज्जड पुरावा दुसरा नाही.

त्यांच्या या उत्तराचं नाव स्पॅनिंग ट्री. त्यात सगळे स्विच मिळून एक म्होरक्या निवडतात. त्याला रूट म्हणतात. निवडणूक अगदी साधी: ज्याचा आकडा सगळ्यांत लहान, तो विजयी. प्रचार नाही, जेवणावळी नाहीत. कुणी लक्ष घातलं नाही, तर प्रत्येकाचा अग्रक्रम 32768 असतो आणि मग मॅक अॅड्रेसवर निकाल लागतो. त्यात पुष्कळदा सगळ्यांत जुना स्विच निवडून येतो. रेकॉर्ड रूममध्ये, हळदीच्या हंगामातली पिवळी पूड पंख्यावर घेऊन घरघरणारा म्हातारा साऱ्या कार्यालयाचा रूट होऊन बसतो आणि नवा महागडा स्विच त्याच्याकडे तोंड करून उभा. आमच्याकडे लाईट गेली आणि आली, की पुन्हा निवडणूक. जिल्हा परिषदेच्या लांबतात, ह्या कधी लांबत नाहीत. म्हणून चांगल्या स्विचचा अग्रक्रम हातानं 4096 करून ठेवायचा. याला लोकशाहीत काय म्हणतात ते माहीत आहे, पण नेटवर्कमध्ये त्याला व्यवस्थापन म्हणतात.

रूट बंद पडला, तर सगळ्यांनी नव्या रूटकडे तोंड वळवायचं. नरसीच्या नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जायला लावलं, तेव्हा नागनाथाचं देऊळच त्यांच्याकडे फिरलं असं औंढ्याला सांगतात. नंदी अजून मागच्या बाजूला दाखवतात. स्पॅनिंग ट्रीला फिरायला तीस ते पन्नास सेकंद लागतात. ज्या पोर्टला नव्यानं बोलायचं, त्यानं पंधरा सेकंद नुसतं ऐकायचं, पंधरा सेकंद शिकायचं आणि मगच तोंड उघडायचं. ग्रामसभेत हा नियम आणायची माझी फार इच्छा आहे. 2001 साली याची जलद आवृत्ती आली आणि हे काम बहुधा क्षणात उरकू लागलं. जुन्या पेट्या मात्र अजून सावकाश विचार करतात.

लूप झालेल्या त्या कार्यालयात आता दोन स्विचमध्ये दोन केबली आहेत. एक उंदरानं कुरतडली, तर दुसरी असावी म्हणून. पण दोन्ही एकदम चालू ठेवल्या की पुन्हा लूप, त्यामुळे स्पॅनिंग ट्री एक पोर्ट मिटून ठेवतो आणि त्यावर नारिंगी दिवा लागतो. तेव्हापासून तिथे कामाला आलेला प्रत्येक माणूस मला विचारतो, हे बिघडलंय का? बिघडलेलं नाही, एकाला बसवून ठेवलंय म्हणून बाकीचे चालतात, असं मी सांगतो. ऐकणारे एकदा साहेबांच्या केबिनकडे बघतात आणि मान हलवतात. लेखापरीक्षणात शेरा आला: 'एक वायर विनावापर, खुलासा करावा.' खुलासा पाठवला. त्यावर 'वायर वापरात आणावी' असा शेरा मारून फाईल परत आली.

शेवटी मी कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'ही वायर रिकामी नाही. कृपया हात लावू नये', आणि तो स्विचवर चिकटवला. पुढच्या फेरीला पाहिलं, तर खाली कुणीतरी बॉलपेननं लिहिलेलं होतं: 'मंग दिवा नारंगी कामून?'