खुनीच्या काठी गोल्फ

नागपूरहून हैदराबादकडे निघालेल्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावर हिंगणघाट मागे पडलं, वडकी गेली, करंजीचा फाटा ओलांडला, की दीडेकशे किलोमीटरवर पांढरकवडा लागतो. इथे माणसं कशासाठी येतात याची यादी आखूड आहे. कुणी टिपेश्वरचा वाघ पाहायला येतो, कुणी नवरात्रात केळापूरच्या जगदंबेला, कुणी कापसाचा भाव विचारायला. उरलेले सगळे आदिलाबादला जाता जाता चहा प्यायला थांबतात. गोल्फ खेळायला कुणी येत नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही, कारण गावात गोल्फचं मैदान नाही. तरीही माझं म्हणणं असं आहे की सर्वसामान्य माणसाला परवडेल असा सार्वजनिक गोल्फ महाराष्ट्रात कुठे शक्य असेल, तर तो इथे, शरद ऋतूत. आणि मैदान नाही हेच त्याचं मुख्य कारण आहे.

गोल्फ महाग होतो तो काठ्यांमुळे नाही. काठ्या एकदा घेतल्या की नातवापर्यंत पुरतात. चेंडू हरवतो, पण तो कुणाला तरी सापडतोच. महाग आहे ती हिरवळ. अठरा होलच्या मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन लागते, जमिनीवर खास जातीचं गवत, गवताला उन्हाळ्यात रोज लाखो लिटर पाणी, कापायला यंत्रं, यंत्रांवर माणसं आणि माणसांवर समिती. समिती आली की तिला बसायला क्लबहाऊस लागतं, आणि क्लबहाऊस आलं की खेळणाऱ्यांपेक्षा बसणारे वाढतात. मूळ खेळाला यातलं काहीच नको होतं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर जी रेताड जमीन नांगराला नालायक होती, तिथे मेंढ्या चरायच्या आणि मेंढ्यांनी आखूड केलेल्या गवतावर लोक चेंडू टोलवायचे. माळी मेंढ्याच, आणि त्यांना पगार नव्हता. या फुकट खेळाचं वेड इतकं वाढलं की १४५७ मध्ये राजा दुसऱ्या जेम्सच्या संसदेने त्यावर बंदी घातली. तिरंदाजीचा सराव सोडून प्रजा भलत्याच नादाला लागली, अशी तक्रार होती. सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान आजही सार्वजनिक आहे. रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि गावकरी कुत्री घेऊन फिरतात. बाहेरच्याला खेळायचं तर चिठ्ठीत नाव निघावं लागतं आणि फी ऐकून घाम फुटतो. म्हणजे मैदान लोकांचं असलं तरी खेळ लोकांना परवडेलच असं नाही, हे गोल्फच्या पंढरीतही सिद्ध झालेलं आहे.

आपल्याकडे इंग्रजांनी १८२९ मध्ये कलकत्त्याला गोल्फ क्लब काढला. पांढरकवड्याला ते त्याच्या अकरा वर्षं आधीच, १८१८च्या एप्रिलमध्ये येऊन गेले होते, पण तेव्हा ते दुसऱ्या बाजीरावाचा पाठलाग करत होते. दोन्ही पक्ष घाईत होते. पुढे जिथे त्यांना सवड मिळाली तिथे त्यांनी मैदानं केली, आणि त्यांचं काय झालं ते नाशिकला जाऊन पाहावं. तिथलं गोल्फ क्लब मैदान आता हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाने आहे, तिथे रणजीचे सामने होतात, लोक सकाळी फिरतात. गोल्फ तेवढा कुणी खेळत नाही. दुसरा दाखला खारघरचा. डोंगराच्या पायथ्याशी सिडकोने २०१२ मध्ये सार्वजनिक गोल्फ मैदान सुरू केलं, तेही आधी अठरापैकी अकरा होलचं. सरकारी कामाच्या मानाने हे प्रमाण वाईट नाही. हेतूही चांगला होता. पण पांढरकवड्याच्या माणसाने तिथे जायचं म्हणजे एसटीने सत्तरेक किलोमीटरवरचं यवतमाळ गाठायचं आणि तिथून उरलेला महाराष्ट्र आडवा कापायचा. नियमाने चौदा काठ्या नेता येतात. त्या पिशवीचं अर्धं तिकीट घ्यायचं की पूर्ण, यावर कंडक्टरशी जो वाद होईल, त्याला खेळापेक्षा जास्त वेळ लागेल.

तेव्हा जायचं नाही, इथेच खेळायचं. गवत नाही, हा पहिला आक्षेप. त्याचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी या ओपलच्या खाणींच्या गावाने देऊन ठेवलं आहे. तिथल्या गोल्फ मैदानावर गवताची काडी नाही. खेळाडू हातभर कृत्रिम हिरवळीचा तुकडा बरोबर बाळगतो, त्यावर चेंडू ठेवून मारतो आणि तुकडा उचलून पुढे चालू लागतो. दिवसा उकडतं म्हणून चमकणारे चेंडू घेऊन लोक रात्री खेळतात. होलभोवती हिरवळीऐवजी तेल पाजून दाबलेली जमीन. आणि या क्लबाचा सेंट अँड्र्यूजशी परस्पर खेळण्याचा करार आहे! पांढरकवड्याला तेलाचाही खर्च नको, कारण चेंडू सरळ घरंगळेल अशी शेणाने सारवलेली गुळगुळीत जमीन करणं ही इथली जुनी विद्या आहे. तिला खळं म्हणतात. थ्रेशर आल्यापासून खळी कमी झाली हे खरं, पण सारवणारे हात अजून आहेत. सोयाबीन निघून गेलेली वावरं, गावालगतची ई-क्लासची, म्हणजे गायरानाची जमीन, मधूनमधून पळस आणि बोरी, आणि पाण्याच्या अडथळ्यासाठी चक्क खुनी नावाची नदी. या नावाच्या अडथळ्यासाठी परदेशातल्या मैदानांनी जाहिरातीचे कितीही पैसे मोजले असते. पावसाळा नुकताच संपल्यामुळे शरदात तिला पाणी असतं आणि चेंडू पडला तर तो वाहून जाताना तरी दिसतो. ऑक्टोबरच्या उन्हाचं काय, असं कुणी विचारेल. अठरा होल म्हणजे किमान सहा-सात किलोमीटरची चाल. तेवढी चाल याच उन्हात वेचणीला जाणाऱ्या बायका डोक्यावर ओझं घेऊन करतात आणि तिला खेळ म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो कपाशीचा आहे. थंड देशांत शरदातल्या गोल्फची तक्रार अशी की चेंडू गळलेल्या पानांखाली दडतो. टिपेश्वरचा साग तेव्हा भरगच्च उभा असतो, पानगळ अजून लांब असते. इथे अडचण वेगळी: दसऱ्याच्या आसपास बोंडं फुटायला लागतात, शेतकरी सीतादहीची पूजा करून वेचणीला हात घालतो, आणि क्षितिजापर्यंत सगळीकडे चेंडूच चेंडू दिसतात. त्यांतला एक पंचेचाळीस ग्रॅमचा असून तोच आपला, हे शोधायला नियम फक्त तीन मिनिटं देतो. बांधावर बसलेला गुराखी, वाकून वाकून एकेक बोंड चाचपणाऱ्या, पांढरी टोपी घातलेल्या गृहस्थाला विचारणारच, “काय शोधून राहिले जी?” उत्तर मिळाल्यावर तो मदतीला उठेल आणि आपली गुरं तिसऱ्याच्या वावरात शिरतील. उपाय म्हणून भगवा किंवा पिवळा चेंडू वापरावा, नियमांना रंगाचं वावडं नाही. शिवाय कपाशीचं वावर हे हद्दीबाहेरचं धरावं, म्हणजे चेंडूमागे आत जाण्याचा मोह होणार नाही. उभ्या पिकात पाय ठेवणाऱ्याला गोल्फचे नियम काय शिक्षा देतात ते गौण आहे. वावराचा मालक देईल ती अंतिम.

वाघाचा आक्षेप मात्र थट्टेने उडवून लावण्यासारखा नाही. याच पांढरकवडा वनविभागात अवनी वाघिणीच्या दहशतीत माणसं शेतात जायला भीत होती आणि २०१८च्या नोव्हेंबरमध्ये तिला गोळी घातली गेली. म्हणून मैदान जंगलाच्या बाजूला नको, गावाच्या बाजूला हवं, आणि ऊन कलायच्या आत खेळ संपवायला हवा. एवढी काळजी घेतली की उरलेलं काम नियमपुस्तक करतं. सोळाव्या नियमात धोकादायक प्राण्याजवळ चेंडू पडला तर दंडाशिवाय तो दुसरीकडे घेण्याची मुभा आहे. उदाहरणादाखल विषारी साप, मधमाश्या, सुसरीचे भाऊबंद, चावऱ्या मुंग्या आणि अस्वलं दिली आहेत. वाघ दिलेला नाही. ही उणीव पांढरकवड्याने पत्र लिहून कळवायला हरकत नाही. १९४० मध्ये लंडनजवळच्या रिचमंड क्लबने, बॉम्ब पडत असताना आडोसा घेतल्यास दंड नाही, असा तात्पुरता नियम काढला होता. त्या मानाने आपली मागणी माफक आहे. आणि वाघालाही न्याय द्यायला हवा. टिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९ मध्ये जागा शोधत निघाला आणि तीनेक हजार किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. वाटेत शेतं, रस्ते, वस्त्या, सगळं ओलांडलं. इतकं चालून ज्याने माणसाला सहसा टाळलं, तो चार इंची खड्ड्यात चेंडू ढकलणाऱ्यांच्या वाटेला मुद्दाम येईल असं वाटत नाही.

शेवटचा आक्षेप ऐकून हसू येत नाही. ज्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षं शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत छापून येतं, तिथे गोल्फ सुचतो तरी कसा? आक्षेप घेणारा बरोबर आहे, जर गोल्फ म्हणजे भूसंपादन, बोअरवेल आणि उद्घाटनाची कोनशिला असेल तर. तो गोल्फ इथे येऊ नये, आला तर विरोध करावा. पण मी मागतो आहे तो न बांधलेला गोल्फ. पाण्याचा थेंब नको, सातबाऱ्यावर नोंद नको, गायरानावर गुरांचा पहिला हक्क, खेळाडूंचा नंतरचा, आणि नांगरणीच्या दिवशी मैदान रद्द. काठीही बाभळीची चालेल. विटी-दांडू खेळलेल्या मनगटाला हा खेळ शिकवावा लागत नाही, उलट पडून राहिलेल्या चेंडूला मारणं त्याला अपमानास्पद वाटण्याचाच संभव जास्त.

कायद्याचा एकच प्रश्न मला सुटलेला नाही. गायरानातलं शेण हा नियमाप्रमाणे मोकळा अडथळा आहे, तो हाताने दूर करता येतो. गोवऱ्या थापणारी बाई तो आपल्या आधीच उचलून नेईल, तेही मिटलं. पण बकरीने चेंडू गिळला तर? नियम म्हणतो, खेळाडूला दंड नाही, त्याने मूळ जागी दुसरा चेंडू ठेवावा आणि पुढे खेळावं. खेळाडू सुटला. बकरीचा मालक मात्र नुकसानभरपाई मागत उभा राहील, आणि त्याच्या बाजूने नियमपुस्तकात एक अक्षर नाही. हे प्रकरण बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर चार माणसांत बसूनच मिटवावं लागेल, आणि बकरी दुभती निघाली तर फेरी खारघरपेक्षा महाग पडेल.