वाट देणारा धातू

काही धातूंचं मोठेपण ते काय करत नाहीत यावरून ठरतं. झिर्कोनियम त्यातला. अणुभट्टीत युरेनियमच्या गोळ्या ज्या नळ्यांत ओळीनं भरतात, त्या याच्या मिश्रधातूच्या असतात. नळीची भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. बाहेरून जवळजवळ तीनशे अंशांचं पाणी वाहतंय, आत युरेनियमचे अणू फुटताहेत आणि भिंतीतून न्यूट्रॉनांची अखंड ये-जा चालू आहे. त्या गर्दीत या धातूनं उभं राहायचं, गंजायचं नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शक्यतो अडवायचं नाही. सोलापुरात आयुष्य गेलेल्या माणसाला ही शेवटची अट जवळजवळ आध्यात्मिक वाटते.

कारण आमच्याकडे नवी पेठेतून पार्क चौकापर्यंत कुणी न अडवता पोचलं, तर आपलं काही चुकलंय का अशी शंका येते. आमच्या बोळातल्या काकू उंबऱ्यावर शेंगा सोलत बसायच्या. “कुठं निघालास बे? एवढ्या उन्हाचं?” उत्तर दिलं की पोटप्रश्न, आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत मूळ कामाचा वेग संपलेला. झिर्कोनियमला अशीच एक शेजारीण आहे: हाफ्नियम. दोघं एकाच वाळूत, इतके सारखे की १७८९ साली झिर्कोनियम ओळखू आलं तरी त्याच्या आडोशाला बसलेलं हाफ्नियम सापडायला १९२३ साल उजाडलं. स्वभाव मात्र उलटा. न्यूट्रॉन दिसला की हाफ्नियम त्याला पकडून ठेवतं, झिर्कोनियमच्या पाचशेपटींहून जास्त उत्साहानं. म्हणून हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये दोघांची फारकत करावी लागते, आणि एवढं साम्य असल्यावर ती सहजासहजी होत नाही.

अशा धातूपायी माणसं उभी हयात घालवतात, याचं मला अप्रूप आहे. श्रीकुमार बॅनर्जी १९६७ साली तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात आले ते धातुशास्त्रज्ञ म्हणून. पुढे त्या केंद्राचे संचालक झाले, अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले, पण त्यांचं नाव निघतं ते झिर्कोनियम आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूंबरोबर. तापवून झपकन थंड केलं की आतले अणू कुठून कुठे सरकतात, कोणती नवी रांग धरतात, हा त्यांचा ध्यास. असं स्थळ आमच्याकडे सांगून आलं असतं तर मध्यस्थाची पंचाईतच. मुलगा काय करतो? अणू सरकताना बघतो. बरं, मग सरकल्यावर? तेही बघतो. मुलीच्या आजीनं नक्की विचारलं असतं, “आणि पगार बसून बघायचाच का?”

पण ते बघणं लागतं. कारण धातूलाही वय होतं. इंधनाच्या नळ्या ज्यांच्या पोटात बसतात त्या भट्टीतल्या आडव्या दाबनळ्या उष्णतेनं आणि न्यूट्रॉनांच्या माऱ्यानं वर्षानुवर्षं लांबत, वाकत जातात. पाण्यातला हायड्रोजन पोटात साठून त्या ठिसूळ होतात. राजस्थानातल्या रावतभाट्याच्या दुसऱ्या अणुभट्टीतल्या जुन्या नळ्या १९९०च्या दशकात बदलल्या, आणि नव्या आल्या त्या अडीच टक्के नायोबियम घातलेल्या झिर्कोनियमच्या. एवढ्याशा चिमटीनं म्हातारपण पुढे ढकललं जातं. सोलापूरच्या मे महिन्यात गच्चीवर पडून पंचेचाळीस अंशांचं दुःख उगाळताना त्या नळ्यांची आठवण आली, की माणूस थोडा ओशाळतो आणि कूस बदलतो.

आणि हाफ्नियम? ते फेकून देत नाहीत. न्यूट्रॉन पकडण्याची हीच खोड जिथे हवी असते, तिथे भट्टीला लगाम घालणाऱ्या कांड्यांसाठी त्याला मानानं बोलावतात. वडील एकटे राहायचे त्या दिवसांत, एका सकाळी त्यांचं दार उघडलं नाही हे सगळ्यात आधी काकूंनीच ओळखलं. दूध बाहेर का पडलंय, पेपर का उचलला नाही, असं विचारत त्यांनी बोळ जमवला, कडी काढवली आणि तापानं ग्लानी आलेल्या वडिलांना रिक्षात घातलं. मी पोचलो तेव्हा त्यांनी आधी माझीच झडती घेतली: का उशीर, कुणाबरोबर आलास, जेवलास का, किती दिवस राहणार. वाट देणारे शेजारी मला पुढे पुण्यात पुष्कळ मिळाले, सज्जन, अबोल, वर्षभरात नाव न विचारणारे. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. फक्त घर घेताना मी आता दलालाला हळूच विचारतो, मजल्यावर एखादं हाफ्नियम आहे का?