सहातले सहा

पात्रांवांना तुम्ही ओळखता. तुमच्याकडे त्यांचं नाव वेगळं असेल, क्लब साळगावकर असेल नाहीतर वास्को, पण माणूस हाच. पणजीच्या मासळी बाजारात भर गर्दीच्या वेळी इसवणाचा भाव ऐकून जो जागीच थबकतो आणि मागच्यांची वाट अडवून म्हणतो, "आम्ही सहातले सहा आणायचो तेव्हा हीच इसवण कोण विचारत नव्हतं, बाय!" त्या बायने फक्त 'सहा' ऐकलं आणि सहा बांगडे पिशवीत टाकून हात पुढे केला. पात्रांवांनी मुकाट्याने पैसे दिले. घरी त्या दिवशी उपास होता.

सहातले सहा म्हणजे काय, हे गोव्यात ज्याला विचारायची पाळी येते त्याची त्या दिवसाची इतर कामं बुडालीच म्हणून समजा. २००७-०८ साली देशातल्या फुटबॉलची आय-लीग सुरू झाली. पहिल्या सहा मोसमांतली सहाही विजेतेपदं गोव्यात आली. धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. देशात कलकत्ता आहे, तिथे मोहन बागान आहे, ईस्ट बंगाल आहे, मॅचला लाखभर माणूस जमवणारं स्टेडियम होतं, आणि सहा वर्षं चषक मांडवीकाठच्या एवढ्याशा राज्यातून हलला नाही. त्यातली तीन धेंपोची. पात्रांव धेंपोचे. म्हणजे धेंपोने त्यांना कधी पगार दिलेला नाही; ते सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. पण "यंदा आम्ही एक चांगला स्टॉपर घेतला" असं ते ज्या सुरात सांगतात, त्यावरून चेक त्यांनीच फाडला असावा असं वाटतं.

"आणि सातवी कोणी नेली?" असं एकदा मी विचारलं. सातवी बंगळूरच्या नव्या कोऱ्या क्लबने नेली, हे मला ठाऊक होतं.

"त्यानंतर लीग उरली कुठे, मरे?" पात्रांव म्हणाले आणि विषय संपला.

डॉक्टरांनी रक्तदाब मोजून "एकशे साठ" म्हटलं तेव्हा त्यांनी खुलासा केला की सहातली दुसरी चर्चिलने नेली त्या वर्षापासून तो असाच आहे. पुतणीच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाचा बाप सहज "आमचं मूळ घर वास्कोला" म्हणाला आणि पात्रांवांनी ताटावरून हात उचलला. मुलीच्या बापाला घाम फुटला. पात्रांव बराच वेळ त्या गृहस्थांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "असू दे. पण सहात तुमचा एकही नाही." व्याह्यांना वाटलं, हुंड्याबद्दल काहीतरी आहे.

माझा एक मावसभाऊ पार्ल्याहून आला होता. एअर इंडियाच्या हिशेब खात्यात जन्म काढलेला, सरळमार्गी माणूस. मी ओळख करून देताना कंपनीचं नाव घ्यायला नको होतं. पात्रांवांनी त्याला शेजारी बसवलं, खांद्यावर हात ठेवला आणि २०११ सालच्या मे महिन्यात धेंपोने एअर इंडियाच्या टीमला चौदा-शून्य कसं हरवलं ते पहिल्या गोलपासून सांगायला घेतलं. सातव्या गोलपाशी चहा आला. नवव्यापाशी तो थंड झाला. चौदावा गोल झाल्यावर माझा मावसभाऊ, ज्याने आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही, चक्क "सॉरी" म्हणाला. पात्रांवांनी मोठ्या मनाने माफ केलं आणि वर त्याला आग्रह करून बेबिंका वाढली. माझ्याच घरची.

पाऊस ओसरायला लागला की हा आजार बळावतो. गोव्यात नवा मोसम आणि चवथ मागेपुढेच येतात, त्यामुळे गणपतीच्या दर्शनाला पात्रांव आले की ते देवाकडे थोडा वेळ आणि वर टांगलेल्या फळांच्या माटोळीकडे जास्त वेळ पाहतात. गेल्या चवथीला तोरिंजन गोलकीपर होतं. सुपारीचे दोन घोस स्टॉपर, कवंडळं दोन्ही विंगांवर. "हा चिबूड मधोमध कोणी बांधला? मिडफिल्डला असलं धूड? जागचं हलेल तरी का?" आमच्या वहिनींनी पहाटे उठून ती माटोळी सजवली होती. त्या काही बोलल्या नाहीत; फक्त नेवऱ्यांचं ताट त्यांच्या समोरून परत आत गेलं.

एफसी गोवा म्हटलं की ते मान फिरवतात. २०१४ साली आयएसएल ही नवी लीग आली, नवे शर्ट आले, फटाके आले, आणि त्या क्लबाच्या मालकांत साळगावकरांबरोबर खुद्द धेंपोही होते. मी म्हटलं, मालक तेच आहेत ना, मग राग कसला? "भाटकार तोच म्हणून भाट तेच होतं काय?" ते म्हणाले. याला उत्तर नाही. मात्र २०१५ च्या डिसेंबरात फातोर्ड्याला चेन्नईविरुद्ध अंतिम सामना होता तेव्हा हे गृहस्थ तिथे होते. नातवाला सोबत म्हणून. ८७व्या मिनिटाला गोवा पुढे गेला तेव्हा त्यांनी अनोळखी माणसाला मिठी मारली, आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल खाऊन आपण ३-२ हरलो तेव्हा ते नातवाच्याही आधी खाली बसले. नातवानेच हे फोडलं. विचारलं तर म्हणतात, "दिवे बघायला गेलो होतो. दिवे चांगले आहेत."

खरं तर त्यांना चिडायचा हक्क आहे. गोव्यातले मोठे क्लब खाणींच्या पैशावर उभे राहिले. धेंपोंनी २००९ मध्ये खाणी विकल्या, २०१२ मध्ये सगळ्याच खाणी थांबल्या. २०१५ ला धेंपो आय-लीगमधून खाली घसरला. पुढच्याच वर्षी दुसरा विभाग जिंकून परत वर आला, आणि वर येऊन पाहतो तो महासंघाने आयएसएलला वर बसवून आय-लीगला तिच्या पायाशी ठेवायचं ठरवलेलं. साळगावकर आणि स्पोर्टिंगसारखा धेंपोही बाहेर पडला. घाम गाळून मिळवलेली जागा हाताने सोडून द्यायची. जिना चढून गेलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवलं. आय-लीगच्या आधीची राष्ट्रीय लीग धरून पाच राष्ट्रीय विजेतेपदं, पाचही आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली, २००८ मध्ये एएफसी कपाची उपांत्य फेरी, आणि शेवट एका पत्रकात. पात्रांवांनी त्या दिवशीचा पेपर वाचला आणि घडी घालून परत पोदेराच्या सायकलवर ठेवला. पोदेराला काही कळेना. तो पाव विकतो, पेपर नव्हे.

हा माणूस मला वर्षानुवर्षं छळत आला आहे. पण मोसम तोंडावर आला की ते वीजबिलाच्या मागे टीम लिहून आणतात आणि ते बिल मी फाडू शकत नाही. बारीक सरकारी अक्षर, कारकुनी रेघा. एक नंबर गोलकीपर. मग दोन, तीन, असं करत नऊ. नवाच्या खाली अकरा.

दहा नाही. पहिल्यांदा मला वाटलं, चुकले. बारा नंबरवर शेवटचा खेळाडू लिहून ते अकरा पूर्ण करतात. ५ डिसेंबर २००४ ला बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपाची फायनल होती, समोर मोहन बागान. धेंपोच्या क्रिस्टियानो ज्युनियरने, ब्राझीलच्या पोराने, दोन्ही गोल केले. दुसरा करताना गोलकीपरशी टक्कर झाली आणि तो पडला तो उठलाच नाही. धेंपोने कप जिंकला, आणि क्लबने त्याची दहा नंबरची जर्सी पुन्हा कुणाला दिली नाही. काही महिन्यांनी तीच टीम पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली. पात्रांव सहातले सहा सांगतात, चौदा-शून्य सांगतात, रँटी आणि बेटोची जोडी सांगतात, महेश गवळी, क्लायमॅक्स, क्लिफर्ड सगळे सांगतात. हा कप मात्र त्यांच्या मोजणीत कधीच आला नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "तो मोजायचा नाही," आणि मला बिल भरायची शेवटची तारीख दाखवली.

२०२४-२५ ला धेंपो परत आय-लीगमध्ये आला. त्या सुवर्णकाळात बचावफळी सांभाळणारा समीर नाईक प्रशिक्षक, त्यामुळे पात्रांवांची अर्धी चिंता गेली. उरलेली अर्धी माझ्यावर पडली, कारण त्यांचा गुडघा स्कूटरची किक मारू देत नाही आणि मुलगा नेत नाही. मैदानावर जाताना मागे बसून ते सगळ्या वाटेवर मला राइट विंगने जायला सांगतात. स्टेडियमबाहेर रोस-ऑम्लेटच्या गाड्यावर थांबतात, दोन पाव जास्त घेतात, पैसे माझे. आत गेल्यावर वीस वर्षांच्या पोरांना क्लिफर्ड, क्लिफर्ड म्हणून हाका मारतात. एक पोर तर खरंच वळून पाहतं.

यंदाचं बिल परवाच आलं. मागे टीम होती, नऊनंतर अकरा. खाली रेघ मारून मोसमाचा अंदाज.

"लीग आपली?" मी म्हटलं.

"म्हणजे काय!"

"मग आता हिशेब कसा करायचा? मधली वर्षं दुसऱ्यांनी नेली त्याचं काय?"

"पावसाने रद्द झालेली मॅच टेबलात धरतात काय, मरे?" पात्रांवांनी माझ्याच खिशातलं पेन काढलं, रेघेखाली सहा खोडून सात केले, तिनाचे चार केले, आणि शनिवारी स्कूटरमध्ये पेट्रोल भरून ठेवायला सांगितलं.